जलजीवालय, घरगुती

जलजीवालय, घरगुती : मासे, पाणवनस्पती व इतर लहान जलचर यांचे शोभेसाठी वा निरीक्षणासाठी घरात संगोपन करण्याची काचेची टाकी आणि तिच्याशी निगडित उपकरणे यांना मिळून घरगुती जलजीवालय म्हणतात. व्यवहारात त्याला ‘फिश टँक’ असेच संबोधिले जाते. तळे किंवा नदी यांच्या तुलनेने टाकीतील पाणी अत्यल्प असते. नैसर्गिक जलाशयात सहज विरून जाणारी घाण येथे एकदोन दिवसांत घातक पातळी गाठू शकते. नव्याने आणलेले मासे पहिल्या महिना-दीड महिन्यात मरतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, पुष्कळांचा छंद तेथेच संपतो. त्याचे खापर बहुधा दुकानदारावर किंवा माशाच्या नाजूकपणावर फोडले जाते. परंतु बऱ्याच वेळा खरे कारण पाण्यात साचलेला अमोनिया हे असते. या नोंदीत मुख्यतः गोड्या पाण्याच्या टाकीचा विचार केला आहे. समुद्री जलजीवालयास दर लिटरमागे सु. ३५ ग्रॅ. क्षार असलेले पाणी, अधिक कार्यक्षम गाळणी व काटेकोर देखरेख लागते. नवशिक्याने तेथून आरंभ करणे श्रेयस्कर नाही.

इतिहास : शोभेसाठी सोनमासे पाळण्याची प्रथा चीनमध्ये प्राचीन असली, तरी ते मासे कुंड्यांत व हौदांत ठेवले जात आणि वरूनच पाहिले जात. काचेच्या टाकीत जलचर ठेवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच महिलेने १८३२ च्या सुमारास सिसिलीत केला. पाणी वारंवार न बदलता मासे जगविण्याचे तत्त्व लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी सु. बारा गॅलन पाण्यात दोन लहान सोनमासे व रिबिनीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती कार्बन डाय-ऑक्साइड शोषून ऑक्सिजन देईल व मासे त्यावर जगतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती खरी ठरली. पण कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ झाले व काचांवर हिरवे शेवाळ माजले. तेव्हा त्यांनी तळ्यातील पाच-सहा गोगलगायी टाकीत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी निवळले. म्हणजे शेवाळाची तक्रार जलजीवालयाइतकीच जुनी आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यात आले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना या छंदाची गोडी लावली.

टाकी : पूर्वी टाक्या लोखंडी कोनपट्ट्यांच्या चौकटीत पुट्टीने काचा बसवून करीत. त्या गंजत आणि काही वर्षांनी गळू लागत. १९६० नंतरच्या दशकांत सिलिकोन रबराने काचेला काच जोडण्याची पद्धत आली व चौकटीची गरज उरली नाही. यासाठी वापरावयाचे सिलिकोन बुरशीनाशक न मिसळलेले असावे लागते. स्नानगृहाच्या फरशीसाठी मिळणारे सिलिकोन माशांना विषारी ठरू शकते.

नवशिक्यास लहान टाकी सोपी वाटते, पण ती प्रत्यक्षात अवघड असते. पाणी जितके कमी, तितके त्यातील बदल जलद. ६० × ३० × ३६ सेंमी. ही टाकी आरंभासाठी योग्य होय. तिचे आकारमान सु. ६५ लि. भरते, रेती व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी सु. ५५ लि. राहते. पाणी, रेती व काच मिळून वजन ८० किग्रॅ.च्या पुढे जाते. म्हणून टाकी भक्कम व समतल बैठकीवर, खाली थर्मोकोलचा तक्ता घालून ठेवतात व भरलेली टाकी कधीही हलवीत नाहीत. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. गोल काचपात्र दिसण्यास आकर्षक असले, तरी गळ्यापर्यंत भरल्यास त्यातील पाण्याचा हवेशी संपर्क फार थोड्या पृष्ठभागातून होतो, शिवाय त्यात गाळणी बसविता येत नाही. सोनमाशासाठी ते सर्वाधिक विकले जाते व सोनमाशासाठीच ते सर्वांत अयोग्य आहे. हा मासा मोठा होतो व घाणही पुष्कळ करतो.

किती मासे ठेवावे हे पाण्याच्या खोलीपेक्षा पृष्ठफळावर अवलंबून असते. उष्ण कटिबंधीय लहान माशांच्या बाबतीत शेपटी वगळून दर १ सेंमी. लांबीस सु. ३० चौ. सेंमी. व सोनमाशास सु. ७५ चौ. सेंमी. पृष्ठफळ असा ठोकताळा आहे. वरील टाकीचे पृष्ठफळ १,८०० चौ. सेंमी. असल्याने तीत पूर्ण वाढलेल्या लहान माशांची एकूण लांबी ६० सेंमी.पर्यंत चालेल. ही कमाल मर्यादा होय. नवीन टाकीत तिच्या निम्म्यावर थांबणे शहाणपणाचे. ऑस्करसारख्या मोठ्या माशांना तर हा ठोकताळा मुळीच लागू पडत नाही.

पाणी व नायट्रीकरण : मासे आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. टाकीतील पृष्ठभागांवर वाढणारे काही सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइटात व दुसरे काही नायट्राइटाचे नायट्रेटात ऑक्सिडीकरण करतात. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर हे सूक्ष्मजंतू करतात असे पूर्वी मानीत. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते बहुतांशी नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायराचा प्रकार २०१५ मध्ये आढळला. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनास निकामी करते, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते.

नव्या टाकीत हे सूक्ष्मजंतू जवळजवळ नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि मासे मरण्याचा काळही नेमका हाच. यावर उपाय असा की, टाकी मांडून गाळणी सुरू करावी, मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे व अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थेंबांच्या चाचणीसंचाने पाणी तपासीत राहावे. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास हा कालावधी पुष्कळच घटतो. त्यानंतरही सर्व मासे एकदम न सोडता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे सोडतात.

एका उदाहरणावरून या गोष्टीचे महत्त्व कळेल. माशांच्या कोरड्या खाद्यात ४०% प्रथिन असल्यास १ ग्रॅ. खाद्यात सु. ६४ मिग्रॅ. नायट्रोजन असतो. एवढे खाद्य न खाल्ले जाता ५५ लि. पाण्यात कुजले, तर दर लिटरमागे १ मिग्रॅ.हून थोडा अधिक अमोनिया-नायट्रोजन तयार होऊ शकतो. यांपैकी आयनरूपात नसलेला भाग विशेष विषारी असून त्याचे प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर ठरते. २५° से. तापमानास पीएच ७ असताना तो जेमतेम ०·६%, तर पीएच ८ असताना सु. ५% असतो. दर लिटरला ०·०२ मिग्रॅ.पुढे तो अपायकारक समजला जातो. म्हणजे तीच चूक उदासीन पाण्यात खपून जाते आणि अल्कधर्मी पाण्यात मासे मारते. तलावाचे मृदू पाणी मिळणाऱ्या घरातील अनुभव कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्याच्या उपयोगी का पडत नाही, याचे हे एक कारण आहे.

दख्खनच्या पठारावरील कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन व किंचित अल्कधर्मी असते. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिले घालणारे मासे उत्तम राहतात. महाराष्ट्रातील नगरपालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतात तो गप्पी हाच. उलटपक्षी ॲमेझॉनच्या मृदू व आम्लधर्मी पाण्यातील निऑन टेट्रासारखे मासे तेथे फार दिवस टिकत नाहीत. रसायने घालून पाणी बदलण्यापेक्षा घरी येणाऱ्या पाण्यास मानवणारे मासे निवडणे सोपे व स्वस्त असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्याने निघून जाते, किंवा छायाचित्रणात ‘हायपो’ म्हणून वापरले जाणारे सोडियम थायोसल्फेट अल्प प्रमाणात घालून तत्काळ निष्प्रभ करता येते. क्लोरामीन असल्यास मात्र पाणी नुसते ठेवून भागत नाही.

गाळणी व वायुमिश्रण : गाळणीचे दृश्य कार्य कचरा अडविणे हे असले, तरी खरे कार्य सूक्ष्मजंतूंना राहण्यास जागा व ऑक्सिजन पुरविणे हे आहे. रेतीखाली सच्छिद्र तबके बसवून हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वर खेचणारी तळगाळणी भारतात दीर्घकाळ वापरात आहे. ती स्वस्त असते, पण तिच्याखाली वर्षानुवर्षे गाळ साचतो व टाकी उपसल्याशिवाय तो काढता येत नाही. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर दिसण्यास ओबडधोबड असला, तरी लहान टाकीस पुरेसा असतो आणि त्यात पिले ओढली जात नाहीत. मोठ्या वा दाट वनस्पतींच्या टाकीस बाहेर ठेवण्याचा कॅनिस्टर फिल्टर सोयीचा. विजेच्या पंपाने दर तासाला टाकीतील पाणी चार ते सहा वेळा फिरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. सक्रियित कोळसा रंग व वास शोषून घेतो; परंतु काही आठवड्यांत त्याची क्षमता संपते, आणि टाकीत औषध घातले असल्यास तेही तो शोषून घेतो.

स्पंज नळाखाली धुणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. क्लोरीनयुक्त पाण्याने त्यातील सूक्ष्मजंतू मरतात. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळून पुन्हा बसवावा. दिवाळीच्या साफसफाईत संपूर्ण टाकी उपसून, रेती गरम पाण्याने धुऊन, काचा घासून लख्ख केल्या जातात आणि भाऊबिजेच्या सुमारास मासे मरू लागतात, याचे रहस्य यातच आहे. त्या दिवशी टाकी पुन्हा नवी झालेली असते.

बुडबुड्यांतून पाण्यात थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडा असतो. मुख्य लाभ पृष्ठभागावरील पाणी हलते राहण्याचा होतो. पाणी तापते तसा त्यातील ऑक्सिजन घटतो : २०° से. तापमानास संपृक्त पाण्यात दर लिटरला सु. ९ मिग्रॅ., तर ३५° से. तापमानास सु. ७ मिग्रॅ. ऑक्सिजन राहतो, आणि उष्णतेने माशांची गरज मात्र वाढते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात म्हणूनच मासे कमी ठेवणे, झाकण उघडे ठेवून पंख्याचा वारा देणे हे उपाय करावे लागतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलट वाहून पंपात व जमिनीवर येते. वीज बराच वेळ गेल्यास बंद कॅनिस्टरमधील पाणी ऑक्सिजनअभावी कुजते. ते तसेच टाकीत सोडू नये. आधी गाळणी उघडून धुवावी. अशा वेळी विजेरीच्या घटांवर चालणारा छोटा हवापंप मोलाचा ठरतो.

तापक व प्रकाश : उष्ण कटिबंधीय माशांना २४° ते २८° से. तापमान मानवते. कोकणपट्टीत तापकाची गरज क्वचितच भासते. पुणे-नाशिककडील थंडीच्या रात्री मात्र तो हवा. दर लिटरमागे सु. १ वॉट हे प्रमाण पुरेसे असते. पाणी काढण्यापूर्वी तो बंद करावा, कारण तापलेली नळी उघडी पडल्यास तडकते. विजेची प्रत्येक तार खोबणीकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन आणावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाशीच टपकते. ट्यूबलाइटची जागा आता एलईडी दिव्यांनी घेतली आहे. दिवा दिवसातून सहा ते आठ तास पुरतो व तो वेळनियंत्रकावर चालविणे उत्तम. दिवाणखान्यात पाहुणे बसले आहेत तोवर टाकी उजळ ठेवण्याची सवय माशांना फारशी बाधत नसली, तरी शेवाळास ती अत्यंत उपकारक असते.

शैवलांचे नियंत्रण : शैवलांना वाढीसाठी पाणी, प्रकाश आणि नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे एवढेच लागते, आणि ते प्रत्येक टाकीत असते. त्यामुळे शेवाळ पूर्णतः नाहीसे करण्याचा अट्टहास निरर्थक आहे. काचेच्या मागील बाजूस असलेला पातळ हिरवा थर माशांना उपयोगीच पडतो. ते माजले, तर कारण शोधावे लागते, व त्यासाठी त्याचा प्रकार ओळखणे इष्ट असते.

नव्या टाकीत काचेवर व रेतीवर येणारा तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर करंडक वनस्पतींचा असतो. पाण्यातील सिलिकेटावर त्या वाढतात व बहुधा एकदोन महिन्यांत आपोआप ओसरतात. काचेवरील घट्ट हिरवे ठिपके पात्याने खरवडावे लागतात. धाग्यांसारखी हिरवी शैवले काडीभोवती शेवईप्रमाणे गुंडाळून काढता येतात. पानांच्या कडांवर दिसणारे काळपट दाढीसारखे झुपके वास्तविक तांबड्या शैवलांपैकी असतात. अल्कोहॉलात बुडविल्यास त्यांचा लाल रंग उघड होतो. ते फार चिवट असल्याने बाधित पाने कापून टाकणेच बरे. निळसर हिरवा, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा व कुबट वासाचा थर नील-हरित शैवलांचा म्हणजे खरे पाहता सूक्ष्मजंतूंचा असून, तो बहुधा रेतीत घाण साचल्याची व पाण्याचा प्रवाह तेथे पोहोचत नसल्याची खूण असते. [⟶ शैवले].

पाणीच हिरवेगार होणे हा प्रकार एकपेशीय शैवलांमुळे घडतो आणि तो बहुधा उन्हात ठेवलेल्या टाकीत दिसतो. यावर पाणी बदलण्याचा उपाय लोक प्रथम करतात, पण नव्या पाण्याबरोबर नवी पोषकद्रव्ये येतात व उरलेल्या पेशी दोन दिवसांत पुन्हा वाढतात. त्याऐवजी टाकी जाड कापडाने सर्व बाजूंनी झाकून तीन-चार दिवस पूर्ण अंधारात ठेवावी, खाद्य बंद करावे व वायुमिश्रण अखंड चालू ठेवावे. मेलेल्या पेशी कुजताना ऑक्सिजन वापरतात, म्हणून ही शेवटची अट महत्त्वाची आहे. त्यानंतर निम्मे पाणी बदलावे. जंबुपार किरणांच्या दिव्यावरून पाणी फिरविल्यानेही हाच परिणाम साधतो.

कायमचा उपाय मात्र प्रकाश व अन्न यांचा पुरवठा तोडण्याचा आहे. दिव्याची वेळ सहा तासांवर आणणे, खाद्य निम्मे करणे आणि हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या जोमदार वनस्पती भरपूर लावणे या तीन गोष्टींनी बहुतेक टाक्या पाच-सहा आठवड्यांत ताळ्यावर येतात. वनस्पती पाण्यातील अमोनिया व नायट्रेट शोषून शैवलांशी स्पर्धा करतात. याउलट प्रखर दिवे लावून वनस्पतींना कार्बन डाय-ऑक्साइड व इतर पोषण पुरविले नाही, तर त्या खुरटतात आणि प्रकाशाचा सर्व लाभ शैवलांना मिळतो. दुकानात मिळणारी शैवलनाशके पुष्कळदा ताम्रयुक्त असतात. त्यांनी गोगलगायी व झिंगे मरतात, कारण तसेच राहते व काही आठवड्यांनी शेवाळ परत येते.

खाद्य व नित्याची निगा : मासा भुकेने क्वचितच मरतो. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. माणूस जवळ येताच मासे काचेशी गर्दी करतात ती भूक असतेच असे नाही. पण तसे समजून घरातील प्रत्येकजण चिमूटभर खाद्य टाकतो. हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. निरोगी प्रौढ मासे चार-पाच दिवस खाद्याविना राहू शकतात. गावी जाताना शेजाऱ्यांवर डबा सोपविण्यापेक्षा हे बरे.

दर आठवड्यास २०–२५% पाणी सायफनच्या नळीने तळाचा गाळ ओढून घेत काढतात व तेवढेच, त्याच तापमानाचे, क्लोरीनरहित पाणी भरतात. आठवड्यात नायट्रेट दर लिटरमागे १० मिग्रॅ.ने वाढत असेल व दर वेळी एकचतुर्थांश पाणी बदलले जात असेल, तर कालांतराने बदलापूर्वीची पातळी ४० मिग्रॅ.वर स्थिरावते, निम्मे बदलल्यास २० मिग्रॅ.वर. बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ होऊन शुद्ध पाणीच जाते, क्षार मागे राहतात व भर घालताना आणखी येतात. दुष्फेन पाण्याच्या टाकीत ते कडेला पांढऱ्या रेघांच्या रूपाने दिसतात. नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाडणारा इक्थिओफ्थिरियस हा आदिजीव एका माशाबरोबर येऊन सबंध टाकीत पसरतो.

माशांची निवड व विल्हेवाट : शोभेच्या माशांची पैदास चेन्नईजवळील कोळत्तूर व कोलकात्याचा परिसर येथे मोठ्या प्रमाणावर होते व तेथून ते देशभर जातात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधील दुकाने यासाठी जुनी व प्रसिद्ध आहेत. भारतातील कित्येक देशी मासेही टाकीत शोभून दिसतात. झेब्रा डॅनिओ व रोझी बार्ब हे त्यांपैकी काटक व नवशिक्यास योग्य. केरळ-कर्नाटकातील नद्यांमधला, तांबड्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब अतिशय देखणा आहे. त्याच्या प्रजातीस २०१३ मध्ये सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव देण्यात आले. नद्यांतून बेसुमार पकड झाल्यामुळे तो संकटग्रस्त मानला जातो. त्याचे बंदिस्त प्रजनन साधले असल्याने, विकत घेताना मासा पैदास केंद्रातील आहे की नदीतला, याची चौकशी करावी.

शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा ‘सकर’ हा दक्षिण अमेरिकी मासा ५ सेंमी. लांबीचा असताना घरी येतो व ३० सेंमी.च्या पुढे वाढतो. मोठेपणी तो काचा साफ करीत नाही, वनस्पती उखडतो व स्वतःच पुष्कळ घाण करतो. मग तो जवळच्या तळ्यात सोडून देण्याकडे कल असतो. अंगावर हाडांची चिलखतासारखी तकटे असल्याने त्याला खाणारे मासे येथे थोडे. केरळ, आंध्र प्रदेश व पश्चिम बंगालमधील जलाशयांत तो वाढला असून कोळ्यांची जाळी फाडतो व देशी माशांचे अन्न आणि अंडी फस्त करतो. नको झालेले मासे दुकानदारास परत करावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत. तळे, विहीर, नदी वा नाला यांत ते सोडू नयेत. टाकीतून काढलेले पाणी झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट कुंड्यांना खत म्हणून उपयोगी पडते, आणि त्याबरोबर आलेली गोगलगायींची अंडी व वनस्पतींचे तुकडे ओढ्या-नाल्यांपर्यंत पोहोचत नाहीत.